जिप्सीचं इंजिन बदललं, आता अल्टरनेटर चार्ज करत नाही (धागा)

घाटवळण

नमस्कार मंडळी. गाडी १९९८ ची जिप्सी किंग. जुनं कार्ब्युरेटरचं इंजिन धूर ओकायला लागलं होतं, म्हणून त्याच जिप्सीच्या नंतरच्या मॉडेलचं १३०० चं १६ व्हॉल्व्ह एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरवालं) इंजिन, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि वायरिंग असं सगळं एकत्र घेऊन बसवलं. आरसीवर नव्या इंजिन नंबरची नोंद झालेली आहे, त्यामुळे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ (गाडीतले बदल) वाल्यांनी आधीच शांत व्हावं.

त्याच भरात आणखी काही कामं झाली. पुढं विंच (अडकलेली गाडी ओढायचा मोटरचा दोर) आणि एलईडी बार लावायचा असल्यानं दुसऱ्या गाडीचा ७० अँपिअरचा अल्टरनेटर (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारा) घेतला. त्याला नवा ब्रॅकेट बनवून पावडर कोटिंग केलं. डॅशबोर्डवरचा जुना मीटर काढून डिजिटल मीटर बसवला. एक्झॉस्टला हेडर (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या).

गाडी पळते झकास. पण चार्जिंग नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर १२.२ व्होल्ट दिसतात आणि हेडलाइट लावले की हळूहळू ११.८ पर्यंत उतरतात. गंमत म्हणजे कधीकधी हायवेला चांगली रेस मिळाली की अचानक चार्जिंग सुरू होतं आणि मग गाडी बंद करेपर्यंत टिकतं. पुन्हा सेल्फ मारला की पहिले पाढे पंचावन्न.

इलेक्ट्रिशियननं अल्टरनेटर उतरवून आयसी (व्होल्ट सांभाळणारा रेग्युलेटर) आणि कार्बन (ब्रश) बदलले. टेबलावर १४.३ देतो. गाडीत बसवला की शून्य. आता तो म्हणतो नवा अल्टरनेटर घ्या. घेऊ का?

कांदाभजी

बॅटरी किती जुनी? माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा बॅटरीच गेलेली असते. बॅटरी बदला, पुढचं पुढे.

सह्यकडा

सोपी परीक्षा सांगतो. गाडी चालू ठेवून बॅटरीचं एक टर्मिनल काढा. गाडी बंद पडली तर अल्टरनेटर मेला, चालू राहिली तर बॅटरी मेली. आमचे मिस्त्री वर्षानुवर्षं हेच करतात.

तात्या_वायरमन

सह्यकडा, हे वाचून कुणी उद्या सकाळी करून बसेल म्हणून आधी याचंच उत्तर देतो. असलं काही करायचं नाही. बॅटरी ही चार्जिंग सर्किटमधली गादी आहे. चालत्या गाडीत ती काढली की अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणात कितीतरी पट उसळतो. कार्ब्युरेटर आणि पॉइंटच्या जमान्यात जळायला होतं काय? फार तर एखादा बल्ब. आता घाटवळणरावांच्या गाडीत ईसीएम आहे, डिजिटल मीटर आहे. नवीन ईसीएमची किंमत विचारून या म्हणावं त्या मिस्त्रीला.

आता मूळ दुखणं. घाटवळण, काही विकत घेऊ नका. बाराशे-पंधराशेचा बरा मल्टिमीटर असेल तर तो काढा. नसेल तर तेवढाच घ्या. मला हे सांगा:

चावी ऑन केल्यावर, इंजिन चालू करण्याआधी, बॅटरीच्या चिन्हाचा लाल दिवा लागतो का?

इंजिन स्लोला (रेस न देता) असताना अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या बोल्टवर किती व्होल्ट येतात? मीटरची काळी पिन अल्टरनेटरच्याच बॉडीला लावायची, बॅटरीला नाही.

चार्जिंग सुरू होतं त्या वेळी त्याच जागी किती, आणि बॅटरीच्या दोन खांबांवर किती? खांब म्हणजे शिशाचा खांब, वर कसलेला क्लँप नव्हे.

आणि अल्टरनेटरच्या कपलरमध्ये किती पिना आहेत? शेजारी अक्षरं कोरलेली असतात, ती वाचा.

घाटवळण

तात्या, लगेच उत्तर दिलंत, आभार. आकडे असे:

लाल दिवा नाहीच. डिजिटल मीटरमध्ये व्होल्टचा आकडा दिसतो, म्हणून तो दिवा जोडलाच नाही. मीटरच्या मागून येणारी ती वायर टेप लावून बांधून ठेवलेली आहे.

स्लोला बोल्टवर १२.२. तीन हजारच्या आसपास रेस दिली, तेव्हा काही प्रयत्नांनंतर उडी मारून १४.१ झाले. त्याच वेळी हेडलाइट आणि पंखा चालू असताना बॅटरीवर १३.२.

कपलरला दोन पिना. एकीशेजारी एल, दुसरीशेजारी एस. एसची वायर आहे. एलची आहे, पण दुसरं टोक त्याच टेपमध्ये.

तात्या_वायरमन

झालं की! टेप लावलेल्या वायरीतच निम्मा आजार आहे. आणि दुसरा निम्मा १४.१ आणि १३.२ यांच्या मध्ये लपलाय. दोन वेगळे दोष एकावर एक बसलेत, म्हणून इलेक्ट्रिशियन चक्रावला.

पहिला दोष. अल्टरनेटरच्या आत कायमचं चुंबक नसतं. रोटरच्या, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाच्या, कॉइलमधून करंट गेला की तो चुंबक होतो, मग तो फिरला की स्टेटरमध्ये, म्हणजे भोवतीच्या स्थिर कॉइलमध्ये, वीज तयार होते. पण सुरुवातीला वीज तयारच नसताना रोटरला करंट कुठून द्यायचा? तो येतो बॅटरीच्या दिव्यातून. चावी ऑन, इग्निशनची वायर, दोन-तीन वॅटचा बल्ब, एल पिन, रेग्युलेटर, रोटर, अर्थ (बॉडी, म्हणजे बॅटरीचा मायनस). पाव अँपिअरच्या आसपास करंट, पण सुरुवात करून द्यायला तो पुरतो. हँडपंप उतरला की आधी वरून तांब्याभर पाणी ओततो, तसंच हे. एकदा वीज तयार झाली की अल्टरनेटर आपल्याच डायोडमधून (करंट एकाच दिशेनं सोडणाऱ्या पुर्ज्यातून) रोटरला करंट देतो, बल्बच्या दोन्ही टोकांना सारखे व्होल्ट येतात आणि दिवा विझतो.

म्हणजे तो लाल दिवा नुसता चालकाला घाबरवायला नाही. तो सर्किटचा भाग आहे. तुम्ही मीटर बदलला आणि अल्टरनेटरचा घास काढून घेतलात.

मग रेस दिल्यावर कसं सुरू होतं? रोटरच्या लोखंडात जरा चुंबकत्व उरलेलं असतं. फिरण्याचा वेग खूप वाढला की तेवढ्यावरही डायोड ओलांडण्याइतके व्होल्ट तयार होतात आणि पुढं सगळं आपोआप. गाडी बंद करेपर्यंत टिकतं, कारण आता तो स्वतःचं स्वतः खातोय.

टेबलावर १४.३ का? इलेक्ट्रिशियन टेबलावर एल पिनला आपल्या टेस्ट लॅम्पमधून करंट देतो. ते तो इतक्या सवयीनं करतो की त्यात काही वेगळं केलं असं त्याला वाटतही नाही.

खात्री करायची असेल तर एक परीक्षा. चावी ऑन, इंजिन बंद. साधा लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ न्या. रोटरला करंट मिळत असेल तर तो खेचला जातो. तुमच्या गाडीत आत्ता खेचणार नाही.

यंत्रवेडा

तात्यांशी सहमत. एक भर. बल्बऐवजी नुसती एलईडी लावली तरी हेच होतं, कारण एलईडीतून फार थोडा करंट जातो. एलईडीच ठेवायची असेल तर तिच्याशी समांतर ४७ ओहमचा रेझिस्टर लावा. १२ भागिले ४७ म्हणजे ०.२५ अँपिअर, आणि रेझिस्टरवर साधारण ३ वॅट उष्णता. म्हणून ५ वॅटचा घ्या, पाव वॅटचा नव्हे. पाव वॅटचा धूर काढेल.

दुसरं, पुली. नव्या अल्टरनेटरची पुली आणि क्रँकची पुली मोजून सांगाल का? व्यास मिलिमीटरमध्ये.

झाडीपट्टी

भाऊ, मग एल पिनला सरळ बॅटरीचा प्लस देऊन टाकावा ना. काहून एवढी भानगड?

तात्या_वायरमन

झाडीपट्टी, सरळ बॅटरीतून दिलं तर गाडी रात्रभर उभी असतानाही रोटरमधून करंट वाहत राहील. सकाळी बॅटरी झोपलेली.

बरं, इग्निशनमधून दिलं पण मध्ये बल्ब किंवा रेझिस्टर नसेल, तर उलटाच तमाशा. चावी बंद करता, पण फिरणारा अल्टरनेटर एल वायरीतून मागे इग्निशनला व्होल्ट ढकलतो. ईसीएमला वाटतं चावी चालूच आहे. गाडी बंदच होत नाही. माझ्याकडं अशी गाडी आली होती, मालकाला गिअरमध्ये टाकून क्लच सोडून बंद करायची सवय लागली होती!

डेट्रॉइटकर

इथं मिशिगनमध्ये हा प्रश्न नेहमीचा आहे. लोक सत्तरच्या दशकातल्या शेव्हरोले पिकअपमध्ये जनरल मोटर्सची (जीएम) नवी एलएस इंजिनं टाकतात आणि हमखास इथंच अडकतात. जीएमच्या जुन्या १०-एसआय अल्टरनेटरला एक नंबरची पिन दिव्याची आणि दोन नंबरची बॅटरीचे व्होल्ट मोजायची. बाजारात त्याचं एकाच वायरीवर चालणारं रूपही मिळतं. त्याला दिवा लागत नाही, पण सेल्फ मारल्यावर एकदा रेस द्यावी लागते, तेव्हाच तो जागा होतो. घाटवळण यांच्या गाडीचं सध्याचं वागणं अगदी तसंच आहे.

झाडीपट्टी यांच्यासाठी: नंतरच्या सीएस-१३० अल्टरनेटरला एल पिनवर मध्ये काही न ठेवता थेट १२ व्होल्ट दिले तर रेग्युलेटर जळतो. इथं हे ज्ञान बहुतेकांना पैसे मोजून मिळालेलं आहे.

अवांतर: जिप्सीचा फोटो टाका ना. इथं ती सामुराई म्हणून विकली गेली, पण छोट्या व्हीलबेसची. आपली लांब व्हीलबेसची बघितली की जीव हळवा होतो.

घाटवळण

स्क्रू-ड्रायव्हर अजिबात खेचला नाही. मग टेप सोडवून एल वायरला टेस्ट लॅम्प लावला, दुसरं टोक इग्निशनच्या फ्यूजवर. लॅम्प लागला आणि स्क्रू-ड्रायव्हर टपकन चिकटला. इंजिन चालू केलं तर स्लोलाच बोल्टवर १४.० आणि लॅम्प विझला!

पण बॅटरीवर अजून १३.१ च. पुली मोजली: क्रँकची १२५, अल्टरनेटरची ७०.

(डेट्रॉइटकर, फोटो टाकतो, आधी बॉनेट बंद होऊ दे.)

कांदाभजी

स्क्रू-ड्रायव्हर चिकटला हे वाचून मी रात्री खाली जाऊन आमच्या अल्टोवर करून आलो. खरंच चिकटतो. वॉचमनला वाटलं गाडी चोरतोय.

यंत्रवेडा

१२५ भागिले ७० म्हणजे १.७९. स्लोला इंजिन ८५० असेल तर अल्टरनेटर जेमतेम १५०० वर फिरतोय. अल्टरनेटर सुरू व्हायला तेवढा वेग पुरतो, पण ७० अँपिअर हा आकडा तो सहा हजारच्या आसपास फिरताना असतो. स्लोला त्यातला छोटा हिस्साच मिळणार. सिग्नलला पंखा, हेडलाइट, इंधनपंप आणि एलईडी बार एकदम चालू असले की बॅटरीतूनच खर्च होईल. ५८ मिमीची पुली बसली तर गुणोत्तर २.१६ होईल आणि स्लोला अठराशेच्या वर जाईल. मात्र तुमच्या इंजिनच्या कमाल आरपीएमला अल्टरनेटर त्याच्या मर्यादेबाहेर पळत नाही ना, तेही बघा. सात हजारला २.१६ म्हणजे पंधरा हजारच्या वर. बहुतेक छोट्या अल्टरनेटरना चालतं, तरी पुलीवाल्याकडून नव्हे, अल्टरनेटरच्या माहितीपत्रकातून खात्री करा.

पट्टाही तपासा. पुली व्ही पट्ट्याची आणि पट्टा रिबचा, किंवा रिबची संख्या वेगळी, अशी जोडणी मी पाहिली आहे.

तात्या_वायरमन

पुलीचं पुढं बघू. आधी हरवलेले ०.९ व्होल्ट शोधा. व्होल्ट हवेत जात नाहीत, कुठंतरी तापत असतात.

इंजिन चालू, हेडलाइट हाय बीमवर, पंखा चालू. करंट वाहत नसेल तर हे मोजमाप फुकट, म्हणून लोड हवाच. मीटर डीसीवर. लाल पिन अल्टरनेटरच्या बोल्टवर आणि काळी बॅटरीच्या प्लस खांबावर. आकडा लिहा. मग एक पिन अल्टरनेटरच्या बॉडीवर, दुसरी बॅटरीच्या मायनस खांबावर. तोही लिहा. प्लस बाजूला ०.३ पर्यंत चालतं, मायनस बाजूला ०.२ च्या वर गेलं की शंका घ्यायची.

मायनस जास्त आला तर मधले टप्पे पकडा: अल्टरनेटर ते ब्रॅकेट, ब्रॅकेट ते इंजिन ब्लॉक, ब्लॉक ते बॅटरी. पिन टोचताना रंग खरवडून टोचा.

रत्नांग्री

अर्थिंगवरून आठवलं. आमच्याकडं खाऱ्या हवेत अर्थच्या वेण्या (विणलेल्या तारांच्या पट्ट्या) आतून हिरव्या होऊन कुजतात, वरून नीट दिसतात. माझ्या जुन्या जीपची इंजिन ते चासीची वेणी अशीच तुटली होती. सेल्फ मारला की क्लच केबलमधून धूर! करंटला परत जायला दुसरी वाट नव्हती, म्हणून तो केबलच्या तारेतून गेला आणि वरचं प्लास्टिक वितळलं. केबल बदलली, ती पण गेली. मग कळलं. इंजिन उतरवून चढवलेल्या कुठल्याही गाडीत पहिली वेणी मोजायची. फिटर लोक ती हमखास विसरतात किंवा रंगलेल्या बोल्टखाली कसतात.

घाटवळण

मोजलं. प्लस बाजूला ०.२. मायनस बाजूला ०.७!

टप्पे: ब्लॉक ते बॅटरी ०.१. ब्रॅकेट ते ब्लॉक ०.५. अल्टरनेटर ते ब्रॅकेट ०.१.

म्हणजे माझं सुंदर काळं पावडर कोटिंग.

तात्या_वायरमन

तेच ते. पावडर कोटिंग म्हणजे वीजरोधक प्लास्टिकचा थर. सगळा चार्जिंगचा करंट बोल्टच्या आट्यांमधून कसाबसा परत येत होता. आता दोन कामं. ब्रॅकेट जिथं ब्लॉकवर टेकतो ती जागा पॉलिश पेपरनं पांढरी लोखंडी होईपर्यंत घासा, बाकी कोटिंग राहू द्या. आणि शिवाय अल्टरनेटरच्या बॉडीपासून थेट बॅटरीच्या मायनसला १६ स्क्वेअर मिमीची वेगळी वायर टाका, दोन्ही टोकांना क्रिंप केलेली (दाबून बसवलेली) तांब्याची थिंबल, म्हणजे बोल्टची कडी. नुसती पिळून बोल्टखाली दाबलेली नको. घासलेल्या जागेला ग्रीस लावा म्हणजे गंजणार नाही.

७० चा अल्टरनेटर घातलाय तर जाड प्लस वायर आणि तिची फ्यूज लिंकसुद्धा त्या मापाची आहे का पाहा. जुनी वायर जुन्या छोट्या अल्टरनेटरच्या हिशेबाची होती. आत्ता ०.२ दिसतंय ते चालेल, विंच लागल्यावर पुन्हा मोजा. आणि हेडरजवळून जाणाऱ्या वायरीला काचतंतूची नळी चढवा. अल्टरनेटर आणि हेडर यांच्यात पत्र्याचा आडोसा असेल तर आणखी बरं, डायोडला उष्णता सोसत नाही.

मधलीवाट

बऱ्याच दिवसांनी इतका उपयोगी धागा वाचला. वाचनखूण साठवली. एक शंका: डायोड गेलेत का हे घरी कसं ओळखायचं?

यंत्रवेडा

इंजिन चालू ठेवून मीटर एसीवर लावा आणि बॅटरीवर मोजा. ०.५ व्होल्टच्या वर एसी दिसला तर एखादा डायोड गेलेला असण्याची दाट शक्यता. रात्री गाडी उभी असताना बॅटरी उतरते, अल्टरनेटर बंद गाडीतही कोमट लागतो, रेडिओत रेसबरोबर चढणारी शिट्टी येते, हीही लक्षणं. एक इशारा: काही स्वस्त मीटर एसीच्या मापावर बॅटरीला लावले की पंचवीस-सव्वीस व्होल्ट दाखवतात. तो मीटरचा गुण, डायोडचा दोष नव्हे. आधी इंजिन बंद ठेवून मोजा, तेव्हाही तेवढेच आले तर त्या मीटरनं हे काम होणार नाही.

घाटवळण

अपडेट. ब्रॅकेट घासला, वेगळी अर्थ वायर टाकली. डॅशखाली १२ व्होल्ट ३ वॅटचा बल्ब होल्डरसह बसवला, लाल काच लावली, इग्निशनच्या फ्यूजवरून फीड घेतला. नाना पेठेत ५८ ची पुली मिळाली, अल्टरनेटरचं माहितीपत्रक बघून मगच घेतली. पट्टाही त्या मापाचा बदलला.

आता स्लोला बॅटरीवर १४.२. हाय बीम, पंखा, वायपर, बार सगळं लावून १३.७. मायनस बाजूचा फरक ०.०६. आयसी आणि कार्बन बदलायचे पैसे गेले ते गेले.

फोटो डेट्रॉइटकरांसाठी खाली. डिजिटल मीटरच्या शेजारी तो लाल बल्ब जरा गावठी दिसतो, बायको म्हणते देव्हाऱ्यातला आहे. राहू दे.

तात्या_वायरमन

नाद खुळा! एसची वायर कुठं जोडलीय तेवढं बघा. ती बॅटरीच्या प्लसवर किंवा फ्यूज बॉक्सच्या मुख्य पट्टीवर हवी, अल्टरनेटरच्याच बोल्टवर नको. म्हणजे रेग्युलेटर बॅटरीवरचे व्होल्ट बघून ठरवतो. ती निसटली तर काही रेग्युलेटर बेसुमार चार्ज करतात आणि बॅटरीतून सडक्या अंड्यासारखा वास यायला लागतो.

झाडीपट्टी

तात्या, शेवटचं विचारतो. माझी जुनी डीआय बोलेरो आहे. तिचा अल्टरनेटर बिघडला, तर दुसऱ्या गाडीचा असाच मोठा बसवू का? वर्ध्याला एकाकडं स्वस्तात मिळतोय.

तात्या_वायरमन

बसवण्याआधी जुन्याच्या मागं बघा. डीआय बोलेरोत अल्टरनेटरच्या पाठीला व्हॅक्यूम पंप असतो, त्यावर ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा) चालतो. तो पंप नसलेला अल्टरनेटर लावला तर चार्जिंग होईल, पण ब्रेक दगडासारखा होईल. स्वस्तातला असेल तर पंपासहितच घ्या, आणि तुमच्या गाडीचा पट्टा ज्या दिशेनं फिरवतो त्याच दिशेचा. उलटा फिरवला तर वीज निघेल, पंप मात्र ओढणार नाही.

आणि जुना बिघडला कसा तेही पाहा. त्या पंपाचं सील गळलं की तेल अल्टरनेटरमध्ये शिरतं, कार्बन चिकटतात आणि चार्जिंग जातं. मागचं झाकण उघडल्यावर आत तेलकट चिखल दिसला तर सील, कार्बन आणि सफाई यात काम होईल. फोटो काढून इथं टाका, मग वर्ध्याला जायचं का ते बघू.